पांढरे बरे की हिरवे?

शेतकऱ्याच्या डोळ्याला एक सवय असते. हिरवे दिसले की त्याचा जीव थंड होतो. पांढरे दिसले की तो दचकतो. वेलावर पांढरी भुरी आली, की काकडी गेली. शिळ्या भाकरीवर पांढरे धरले, की भाकरी गेली. लोणच्यावर पांढरे आले, की घरातली बाई हळहळते. ही सवय खोटी नाही. पिढ्यान् पिढ्या तिने आपल्याला सांभाळले आहे. पण घरात अळंबीच्या पिशव्या भरल्या, तर हीच सवय तुम्हाला फसवील. मला फसवले. म्हणून हा धडा लिहायला बसलो आहे.

अळंबी तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यात ती रानात उगवते. कुणी तिला भुईछत्री म्हणतात. शेतकी खात्याच्या कागदात 'अळिंबी' असे लिहितात. रानातल्या काही जाती विषारी असतात. त्यांची गोष्ट येथे नाही. घरात लावतात त्या जातीला धिंगरी म्हणतात. तिची छत्री शिंपल्याच्या आकाराची असते. रंग पांढरा किंवा राखी. भाताचा पेंढा, गव्हाचे काड, सोयाबीनचे कुटार, यांवर ती येते. तिला शेत लागत नाही. ऊन तर नकोच. एक थंड, सावलीची खोली पुरते. 1 किलो कोरड्या पेंढ्यावर साधारण अर्धा ते पाऊण किलो ताजी अळंबी निघते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात या पिकावर संशोधन चालते. हिमाचल प्रदेशात सोलन येथे तर अळंबीच्या संशोधनाचे मोठे सरकारी केंद्रच आहे. म्हणजे हे काही पोरखेळाचे पीक नाही.

आम्ही मावळातले. आमच्याकडे पेंढ्याला तोटा नाही. सूनबाई तालुक्याला जाऊन हे काम शिकून आली. बियाण्याचे आणि पिशव्यांचे पैसे तिने बचत गटातून उचलले. श्रावणात तिने दहा पिशव्या भरल्या. पडवीला लागून एक खोली आहे, तिथे शिंकाळ्यात टांगल्या. चौथ्या दिवशी माहेरून निरोप आला, तिची आई आजारी. जाताना ती म्हणाली, "मामंजी, पिशव्यांकडे नुसतं बघा. हात लावू नका."

आता चाळीस वर्षे मुलांना शिकवलेला माणूस. नुसते बघणे त्याला कसे जमावे?

आठव्या दिवशी मी कंदील घेऊन खोलीत गेलो. वीज गेलेली होती. बघतो तर पिशव्यांत जिकडेतिकडे पांढरे! तीन पिशव्या तर चुन्यात बुडवल्यासारख्या. मला वाटले, भुरी आली. पीक गेले. दोन पिशव्यांत मात्र तळहाताएवढा हिरवा डाग होता. तो पाहून बरे वाटले. म्हटले, चला, दोन तरी तगल्या. मग मी काय केले, ऐका. त्या तीन पांढऱ्या पिशव्या उकिरड्यावर टाकल्या. हिरव्या दोन मधोमध आणून टांगल्या. हवा लागावी म्हणून त्यांची तोंडे सोडली. डाग बोटाने दाबून पाहिला. बोटाला हिरवी पूड लागली. आणि त्याच हाताने बाकीच्या पिशव्या चाचपून पाहिल्या.

दोन दिवसांनी सूनबाई आली. दारातच थबकली. म्हणाली, "मामंजी, पांढऱ्या कुठं गेल्या?"

मी सांगितले. ती काही बोलली नाही. उरलेल्या पिशव्या मोजल्या, आणि हिरव्या दोन पोत्यात बांधून बाहेर नेल्या. पुढच्या आठवड्यात आणखी तीन पिशव्या हिरव्या पडल्या. मी चाचपल्या होत्या त्याच. दहापैकी दोन पिशव्यांनी पीक दिले. आणि गंमत म्हणावी की दैव, विसाव्या दिवशी उकिरड्यावरच्या त्या तीन पिशव्यांतून अळंबीचे तुरे फुटले. चांगले पंजाएवढे. पण उकिरड्यावरचे खायचे नसते. कोंबड्यांनी टोचून टाकले. गटाचा हप्ता सूनबाईने कुठून भरला, ते मी विचारले नाही. मला ठाऊक आहे.

पुढच्या खेपेला तिने मला शेजारी बसवून एकेक खूण शिकवली. तीच मी तुम्हाला सांगतो.

आधी पिशवीत काय चालते ते समजून घ्या. तुम्ही दही लावता. दूध तापवता. कोमट होऊ देता. मग त्यात विरजण घालता. दूध का तापवायचे? त्यात आधीचे नको ते जंतू असतात, ते मरावेत म्हणून. कोमट का करायचे? कढत दुधात विरजणच मरेल म्हणून. आणि भांडे स्वच्छ का? विरजणाला एकट्याला मोकळे रान मिळावे म्हणून. अळंबीचे अगदी असेच आहे. पेंढा म्हणजे दूध. अळंबीचे बियाणे म्हणजे विरजण. दुकानदार त्याला स्पॉन म्हणतो. गव्हाचे किंवा ज्वारीचे दाणे शिजवून, निर्जंतुक करून, त्यांवर अळंबीचे तंतू वाढवलेले असतात. दाणा हे नुसते वाहन. खरे बियाणे म्हणजे त्यावरचे पांढरे.

हे पांढरे म्हणजेच अळंबीचे झाड, असे समजा. आपण खातो ती छत्री हे तिचे फळ. आंब्याचे झाड वर असते आणि ते आपल्याला दिसते. अळंबीचे झाड पेंढ्याच्या पोटात असते. केसाहून बारीक तंतू, त्यांचे जाळे. पुस्तकात त्याला कवकजाल म्हणतात. हे जाळे पेंढा कुजवते, त्यातले सत्त्व खाते, आणि पोट भरले की छत्र्या बाहेर काढते. म्हणून पिशवी पांढरी झाली तर शेत भरले, असे समजायचे. मी उकिरड्यावर टाकले ते शेत होते.

आता अडचण अशी, की अळंबी ही स्वतःच बुरशीच्या जातीची. आणि तिच्या पेंढ्यावर टपलेल्या असतात त्याही बुरशीच. एकाच कुळातल्या. एक पोसायची आणि बाकीच्या हाकलायच्या. त्यासाठी दोघींची चाल ओळखता आली पाहिजे.

पहिली खूण म्हणजे पांढरे कुठून निघाले. अळंबीचे पांढरे दाण्यापासून निघते. पिशवी भरल्यावर दोन-चार दिवसांत दाण्याभोवती कापसासारखी लव येते. मग तिथून तंतू पेंढ्याच्या काडीवर चालू लागतात. प्लॅस्टिकमधून नीट बघा. बारीक मुळ्या फुटाव्यात किंवा पंखा उघडावा, तसे ते दिसतात. त्यांची चाल धिमी असते. दिवसाला अर्धा सेंटीमीटर, फार तर एक. एका दाण्याचा पांढरा डाग दुसऱ्याच्या डागाला भेटतो आणि त्यात मिसळून जातो. मध्ये बांध राहत नाही. भावाभावांनी बांध मोडून शेत एक करावे, तसे. पण परकी बुरशी समोर आली, तर दोघींच्या मध्ये पिवळट किंवा तपकिरी रेघ उमटते. अशी रेघ दिसली की सावध व्हा. तिथे दोन मालक भांडत आहेत.

दुसरी खूण, पांढरे पुढे काय होते. अळंबीचे पांढरे आज पांढरे, उद्या पांढरे, पंधराव्या दिवशीही पांढरेच. फार जुने झाले तर किंचित पिवळसर. त्यावर पूड कधी धरत नाही. परकी बुरशीही पहिल्या दिवशी पांढरीच असते, हे मात्र लक्षात ठेवा. पुष्कळ लोक इथे चुकतात. हिरवी बुरशी सुरुवातीला चपट्या, दाट, जरा जास्तच शुभ्र डागासारखी दिसते. एक-दोन दिवस ती तशीच राहते. मग मध्ये हिरवी पडते आणि कडेला पांढरी किनार उरते. हिरवेपणा म्हणजे तिची बीजुके. बीजुके म्हणजे बुरशीचे बी. ते इतके बारीक असते, की एकेक कण डोळ्याला दिसत नाही. पुष्कळ मिळून दिसतात तेव्हा ती हिरवी पूड. फुंकर मारली तरी उडते. माझ्या बोटाला लागले होते ते हेच.

तिसरी खूण हाताची. पिशवीचे तोंड न उघडता बाहेरून हळूच दाबा. अळंबीने धरलेली पिशवी दिवसेंदिवस घट्ट होते. सगळा पेंढा एकमेकांत विणला जातो आणि पिशवी लोडासारखी टणक लागते. परक्या बुरशीची जागा मऊ राहते. पेंढा सुटा राहतो, कधी काळपट आणि ओलसर होतो.

चौथी वासाची. खोलीत शिरताना चांगल्या पिशव्यांचा वास ताज्या अळंबीचा येतो, पहिल्या पावसाच्या मातीसारखा. कुबट, आंबूस किंवा सडका वास आला तर कुठेतरी बिघडले आहे. पण पिशवीला नाक लावून हुंगू नका. का, ते पुढे सांगतो.

रंगांची ओळख तुम्हाला नवी नाही. फक्त इथे ती पुन्हा करून घ्यायची आहे. कांदा साठवून ठेवला की त्याच्या सालीवर काजळी धरते. पेंढ्यावर काळी पूड दिसली तर ती त्याच घराण्यातली. शिळ्या भाकरीवर करडी लव येते आणि तिच्या टोकाला काळे ठिपके असतात. तीही पिशवीत येते, आणि फार भरभर पळते. आज नव्हती, उद्या सकाळी वीतभर. एवढ्या वेगाने अळंबी कधी धावत नाही. नारंगी किंवा गुलाबी रंगाची पिठासारखी बुरशी सगळ्यांत उतावळी. ती एक-दोन दिवसांत भोकांतून बाहेर येते आणि शेजारच्या पिशवीला गाठते. ती दिसली तर चहा प्यायला थांबू नका. हिरवी, निळसर हिरवी, पिवळट हिरवी, काळी, नारंगी, यांतला कोणताही रंग पुडीसारखा दिसला, तर ती अळंबी नव्हे. आणि रंग नसून नुसता चिकट, बुळबुळीत ओलावा आणि घाण वास असेल, तर ते जंतूंचे काम. तिथे पाणी जास्त झाले आहे.

कधी पिशवीतून वेगळ्याच छत्र्या निघतात. उंच, बारीक देठाच्या, घंटेसारख्या टोपीच्या. त्या दिवसभरात वितळतात आणि काळी शाई गळते. आमच्या शाळेत पूर्वी दौती उपड्या पडायच्या, त्याची मला आठवण झाली. पेंढा नीट तापला नाही किंवा फार ओला राहिला, की त्या येतात. त्या उपटून टाका. खाऊ नका. आपण धिंगरी लावली आहे. शिंपल्यासारखी नसेल ती आपली नव्हे.

आता उलट चुका. म्हणजे चांगल्याला वाईट समजण्याच्या.

प्लॅस्टिकला आतून पाण्याचे थेंब धरतात. ते नुसते बाष्प. कधी पांढऱ्यावर पिवळसर पाण्याचे थेंब दिसतात. तंतू जुने झाले किंवा कुणाशी झगडत असले, की ते असे पाणी सोडतात. एवढ्यावरून पिशवी टाकू नका. त्याच्या आसपास हिरवे आहे का, तेवढे पाहा.

सगळ्यांत मोठी फसगत होते ती पंधरा ते वीस दिवसांनी. पिशवी पांढरीफेक झालेली असते आणि एके सकाळी भोकांजवळ काळपट राखी ठिपके दिसतात. आमच्या आळीतल्या एका वहिनींनी ते पाहिले. "काळी बुरशी आली गं बाई," म्हणत त्या पिशवी घेऊन निघाल्याच होत्या. सूनबाईने वाटेत अडवले. ते ठिपके म्हणजे अळंबीचे कोंब. धिंगरीच्या राखी जातीचे कोंब असेच गडद असतात. ओळखायचे कसे? कोंब पुडीसारखा नसतो. टाचणीच्या डोक्यासारखा, टणक, घोसाने येतो. आणि दुसऱ्या दिवशी बघावे तर मोठा झालेला असतो. तीन-चार दिवसांत तो काढायला येतो. वहिनींनी त्या पिशवीची भाजी केली आणि आम्हालाही वाटीभर पाठवली.

देठ लांबलचक आणि टोपी इवलीशी झाली, किंवा देठावर पांढरी लव आली, तर तोही रोग नव्हे. खोलीत कोंदटपणा आहे. अळंबीलाही आपल्यासारखा श्वास लागतो. खिडकी उघडा. मात्र तोडणीच्या दिवसांत छत्र्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे करडे आवरण रातोरात पसरले, तर ती परकी बुरशी. पाणी फार शिंपडले आणि वारा कमी पडला, की ती येते.

एवढे सांगूनही शंका येतेच. पांढरा डाग दिसतो. तो आपला की परका, कळत नाही. त्यासाठी मी एक युक्ती काढली. सूनबाईने ती मानली, हे मला विशेष वाटते. प्लॅस्टिकवर लिहिता येते अशी जाड पेन्सिल किंवा मार्कर घ्या. डागाच्या कडेने गोल काढा. बाजूला तारीख लिहा. आता तुम्हाला लिहिता येते, मग ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेसाठीच का ठेवायचे? दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहा. डाग गोलाबाहेर थोडासा सरकला आहे आणि पांढराच आहे, तर आपला. गोल ओलांडून वीतभर पळाला आहे, तर परका. मध्ये हिरवट झाक आली, तर परका. दोन दिवस पाहूनही कळले नाही, तर पिशवी काढून वेगळी, दूर टांगा आणि तिथे पाहा. न उघडता. डागाला भोसकून, खरवडून परीक्षा करू नका. मी केलेली परीक्षा पाच पिशव्यांना भोवली.

डाग कुठे आला, यावरून चूक कुठे झाली तेही बहुतेक वेळा कळते. हिरवे थेट दाण्यावरच आले, तर बियाणे खराब होते. बियाणे घेतानाच बाटली किंवा पिशवी उजेडात धरून पाहावी. सगळे दाणे पांढऱ्याने गुंफलेले हवेत. एकही दाणा हिरवा किंवा काळा नको. तळाशी पिवळे पाणी साचलेले नको. आंबूस वास नको. आम्हाला एकदा एका दुकानदाराने जुने बियाणे ताजे म्हणून दिले. घरी येईपर्यंत आम्ही ते नीट पाहिलेच नाही, हीही चूक आमचीच.

हिरवे डाग पिशवीभर विखुरलेले असतील, तर पेंढा कमी तापला. दोन-तीन इंचांचे तुकडे करून रात्रभर भिजवलेला पेंढा कढत पाण्यात तासभर ठेवावा लागतो. पाणी सुमारे 80 अंश सेल्सिअस हवे. तळाशी बुडबुडे सुटू लागतात, पण खळखळ उकळी फुटलेली नसते, तेव्हा तेवढे होते. आणि पेंढा त्या हंगामाचा, कोरडा, पिवळा असावा. पावसात भिजलेल्या गंजीतल्या पेंढ्यात बुरशी आधीच घर करून बसलेली असते. पैसे वाचतात म्हणून तो घेऊ नका.

हिरवे तळाशी असेल, तर पाणी साचले. पेंढा भरण्याआधी मूठभर घेऊन घट्ट पिळा. पाणी ठिबकू नये. तळहात मात्र ओलसर व्हावा. पिशवीच्या तळालाही टाचणीने भोके पाडा. हिरवे भोकांपाशी आले असेल, तर हात, माश्या किंवा खोलीतली धूळ. खोलीच्या खिडकीला बारीक जाळी लावा. बियाणे पेरताना हात साबणाने धुवा. बियाणेही हात राखून घालू नका. 5 किलो ओल्या पेंढ्याला साधारण 100 ग्रॅम लागते. विरजण कमी पडले की दूध नासते, तसेच. खोली 20 ते 28 अंशांच्या आत राहिली तर अळंबी जोमाने धावते. चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात तिचे पाय गळतात आणि परक्यांचे फावते. म्हणून नव्या माणसाने पहिला प्रयोग उन्हाळ्यात करू नये, असे माझे मत आहे.

बिघडलेली पिशवी कशी काढायची, ते नीट ऐका. पहिल्या पंधरवड्यात हिरवी, काळी किंवा नारंगी बुरशी दिसली, तर तेवढाच डाग कापून पिशवी वाचवण्याचा मोह धरू नका. आत जाळे पसरलेले असते, आपल्याला फक्त वरचे दिसते. नाकातोंडाला फडके बांधा. पिशवी खोलीत उघडू नका, झटकू नका. दुसऱ्या मोठ्या पिशवीत अलगद घाला, तोंड बांधा आणि घरापासून लांब खड्ड्यात पुरून टाका. मग हात धुवा, कपडे बदला. चांगल्या पिशव्यांना पाणी वगैरे सगळे आधी करावे, रोगट पिशवीला हात शेवटी लावावा. शाळेत गोवराची साथ आली की आम्ही पोराला घरी पाठवत होतो. वर्गात बसवून औषध पाजत नव्हतो.

बुरशी लागलेला पेंढा गुरांपुढे टाकू नका. वाया जातो म्हणून जीव तुटतो, मला कळते. पण काही बुरशी विष तयार करतात. भुईमुगावर आणि मक्यावर येणारी पिवळट हिरवी बुरशी त्यांपैकी एक. तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते शिजवल्याने, भाजल्याने पुरते जात नाही. 1974 साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत बुरशी लागलेला मका गरिबांनी खाल्ला. दुसरे धान्य नव्हते. शेकडो माणसांना कावीळ झाली, 100 हून अधिक दगावली. ही बुरशी पेंढ्यावरही येऊ शकते. म्हणून परक्या बुरशीच्या डागाजवळ उगवलेली अळंबी धुऊन, चिरून खायची नाही. ती पिशवीबरोबर खड्ड्यात.

आणि नाक लावू नका म्हणालो, त्याचे कारण बीजुके. ती श्वासाबरोबर छातीत जातात. दमेकऱ्याला तर फारच वाईट. चांगल्या अळंबीचीही बीजुके असतात, बरं का. छत्र्यांच्या कडा वर वळू लागण्याआधीच तोडणी करा. उशीर केला की खोलीभर पांढरी धूळ उडते आणि माणूस खोकून बेजार होतो. तोडताना फडके बांधलेले बरे.

बुरशीला मी इतकी नावे ठेवली. न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. 1928 साली लंडनच्या इस्पितळात अलेक्झांडर फ्लेमिंग या डॉक्टरच्या बशीत अशीच एक हिरवट बुरशी पडली. तो जंतू वाढवत होता. बुरशीच्या भोवतीचे जंतू मेलेले त्याला दिसले. त्यातून पेनिसिलिन हे औषध निघाले आणि लाखो लोक वाचले. तोही बशी फेकून देण्याआधी नीट बघत होता. पण त्याची खोली वेगळी, आपली वेगळी. आपल्याला तिथे भाजी पिकवायची आहे.

दुसऱ्या खेपेला आम्ही पुन्हा दहा पिशव्या भरल्या. चौथ्या आणि सातव्या पिशवीवर मी गोल काढले. चौथीचा डाग पांढराच राहिला. सातवीचा तिसऱ्या दिवशी हिरवा झाला. सूनबाईने ती उचलली आणि मी खड्डा खणला. उरलेल्या नऊ पिशव्या विसाव्या दिवशी पांढऱ्या लोडासारख्या झाल्या. तिने प्लॅस्टिक कापून काढले. रोज दोन-तीन वेळा पाण्याचा हलका फवारा आणि खिडकी उघडी. चौथ्या दिवशी पहिली तोडणी.

एका पिशवीतून आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन तोडण्या मिळतात. त्यानंतर तिच्यावर कुठेतरी हिरवे येतेच. तेव्हा घाबरू नका. अळंबीने पेंढ्यातले सत्त्व खाऊन संपवलेले असते, ती थकलेली असते, म्हणून परक्यांना शिरकाव मिळतो. हिरवे येण्याची वाट न बघता अशा पिशव्या खोलीबाहेर काढा आणि पेंढा खताच्या खड्ड्यात टाका. त्याचे खत चांगले होते. मग खोली झाडून, धुऊन घ्या. भिंतींना चुन्याचा हात द्या, शिंकाळी उन्हात वाळवा, आणि दोन-चार दिवस खोली मोकळी राहू द्या. नवा पेंढा तोपर्यंत भिजत घालू नका.